शेवटच्या कडव्यातलं नाव

हापशावरून मी दोन घागरी आणल्या, अंगण झाडलं, धुणं पिळून दोरीवर टाकलं आणि भाकरी थापायला बसले. माझे मालक केरबा दारात बेंजो घेऊन बसले होते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य. बटणांच्या खाचांतून ते रॉकेलचा बोळा फिरवत होते. भाकरी थापताना मला चाली सुचायच्या. तळहाताचा ठेका मिळायचा आणि ओळी आपोआप ओठांवर यायच्या. त्या सकाळी नवं गाणं पुरं झालं. मी ते म्हणून दाखवलं. शेवटचं कडवं आलं तसा केरबांनी हात थांबवला.

"या बारीला माझं नाव नको. गाणं तुझं हाय, नाव तुझं घाल."

"बसत न्हाई," मी म्हणाले. "केरबा म्हणे, हे बसतंय. पंचशीला म्हणे म्हणलं की एक अक्षर जास्त व्हतंय."

"व्हऊ दे. ठेका थांबवू तेवढ्यापुरता. नावासाठी न्हाई थांबायचं तर कशासाठी थांबायचं?"

मी भाकरी उलटली आणि म्हणाले, नंतर बघू.

वकीलबाई नाजिया समोर बसल्या आहेत. त्या म्हणतात, मृत्युपत्र असं सुरू करत नसतात. मी म्हणाले, पंचवीस वर्षांपूर्वीची ही सकाळ आधी आली नाही तर पुढचं वाटप कुणाला कळायचं नाही. त्यांनी आणखी एक कप चहा मागितला आणि लिहू दिलं. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, श्रीमती पंचशीला केरबा भद्रे, वय एकसष्ट, सरकारी वाचनालयातून निवृत्त झालेली शिपाई, राहणार लातूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. मला कुणी दटावलेलं नाही. लाडीगोडी मुलाने लावून पाहिली, त्याचा उल्लेख खाली येईल. माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते मी स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम पहिलं : घर. खालचा मजला मुलगा धम्मानंद याला. वरच्या दोन खोल्या मुलगी महामाया हिला. ती नांदेडला दवाखान्यात नर्स आहे, माहेरी आली की हक्काने उतरेल. त्या खोल्यांत सध्या क्लासची मुलं भाड्याने राहतात. परीक्षा होईपर्यंत त्यांना कुणी उठवू नये. बँकेतली ठेव दोघांत सारखी. त्यावरून भांडलात तर मी येऊन बघणार नाही, पण लोक बघतील.

कलम दुसरं : गच्चीवरची पत्र्याची खोली. भूकंपानंतर मी स्लॅबखाली झोपत नाही, म्हणून ही खोली बांधली. धम्मानंद क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि चांगलं शिकवतो. त्याला इथे अभ्यासिका काढायची आहे. मागच्या महिन्यात तो गुलाबजाम घेऊन आला आणि म्हणाला, "आई, लातुरात गल्लीगल्लीत अभ्यासिका झाल्या. तुझी खोली नुसती वाजायलीय." मी गुलाबजाम खाल्ले. खोली दिली नाही.

ही खोली आमच्या बँडची आहे. खाजाभाई आणि वीरण्णा यांच्यापैकी एक जण जरी जोवर जिवंत असेल आणि त्याला वाजवायचं असेल, तोवर ती त्यांच्या ताब्यात राहील. पुढे धम्मानंदने खुशाल अभ्यासिका काढावी. अट एकच. रविवारी संध्याकाळी मुलांना तासभर मोठ्याने गाऊ द्यावं. रसायनशास्त्राचं काही बिघडणार नाही.

बँडबद्दल लिहायला पाहिजे, कारण माझ्या नातेवाइकांत अजून कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर केरबांच्या गायन पार्टीची गाण्यांची पुस्तकं जत्रेत, सभेत विकायला असायची. त्यांवर बोट फिरवत वाचायला शिकले. गाणी पाठ असायची, अक्षरं ओळखायची राहिली होती. केरबा वाचनालयात शिपाई होते; ते गेल्यावर त्यांच्या जागेवर मला तिथे नोकरी मिळाली. दिवसभर "शांतता राखा" या पाटीखाली स्टुलावर बसायचं आणि कपाटं पुसायची. कपाटं पुसता पुसता मी बरीचशी वाचून काढली. निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हणाले, आवाज.

वीरण्णा हे उदगीरचे. आयटीआयमध्ये विजेचं काम शिकवायचे. तरुणपणी हैदराबादला असताना एका ग्रुपमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे आणि केस खांद्यापर्यंत होते, असं ते सांगतात. आता केसच नाहीत, त्यामुळे पुरावा नाही. त्यांनी केरबांचा बेंजो पार्टीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिला आणि आवाज वाढवला. असा फाटका, खरखरीत, दणदणीत सूर निघाला! मी घाबरून बटण बंद करायला निघाले तर ते म्हणाले, "राहू द्या बाई. याच फाटलेल्या आवाजासाठी तिकडं लोक पैसे मोजतात. याला रॉक म्हणतात."

खाजाभाई आमच्या जुन्या पार्टीचे ढोलकीवाले. पुढे लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत. तेही निवृत्त झाले होते आणि घरात ताटावर बोटं वाजवून सुनेला वैताग आणत होते. तिघं मिळाल्यावर बँडचं नाव ठेवायला वेळ लागला नाही. "शांतता राखा".

कलम तिसरं : वाद्यं. मोठा ड्रम मी घेतलेला आहे, तो खाजाभाईंना. नाजियाबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घालत नाहीत. यावर खाजाभाई रुसले. म्हणाले, "भाभी, ड्रम नको, सही करू द्या. जिंदगीत कुणी माझी सही मागितली न्हाई." त्यांची समजूत काढायला पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर त्यांची सही छापायचं ठरलं आहे. अ‍ॅम्प्लिफायर वीरण्णांना, तसा तो त्यांनीच इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की माझं त्यात फक्त खोकं उरलं आहे.

बेंजो महामायाला. त्याची दोन बटणं दबत नाहीत, ती तशीच ठेवावीत. कारण सांगते. वर लिहिलेल्या सकाळी केरबा एस.टी.ने औसा तालुक्यातल्या एका गावी बारशाच्या कार्यक्रमाला गेले. कार्यक्रम छान झाला. खाजाभाई उकाडा म्हणून बाहेर बैलगाडीवर झोपले. केरबांनी बेंजो घेतला आणि आत गेले, तारांना दव लागू नये म्हणून. आमच्यात वाद्य कधी उघड्यावर ठेवत नाहीत. पहाटे भुई हलली. खाजाभाईंनी दगड उपसून बेंजो आणला. तो केरबांच्या पोटाशी होता. या दोन बटणांवर कुणाचा राग काढू नये, माझाही आता नाही.

कलम चौथं : गाणी. हे कलम सगळ्यात अवघड आहे, म्हणून मधे पाणी पिऊन आले.

आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्यावरून गाणं कुणाचं ते लोकांना कळतं. पार्टी केरबांची होती, म्हणून माझ्या सगळ्या गाण्यांत "केरबा म्हणे" आहे. गंमत अशी की बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून घरात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, आणि चौकात लाउडस्पीकरवर मात्र गावोगाव घेतलं. माझं नाव घालावं असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. नणंद केवळाबाई हिने मोडता घातला. बाईचं नाव चौकात घेतलं की लोक हसतात, असं ती म्हणाली आणि मी ऐकलं.

त्या शेवटच्या कार्यक्रमात केरबांनी नवं गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्यात माझं नाव घेतलं. खाजाभाईंनी ठरल्याप्रमाणे ढोलकीचा एक ठोका सोडला आणि ते जास्तीचं अक्षर त्या जागेत बसलं. खाजाभाईंनी हे मला बेंजो देताना सांगितलं. मी विचारलं, लोक हसले का? ते म्हणाले, "न्हाई भाभी. एका म्हातारीनं परत म्हणा म्हणलं."

माझं नाव गाण्यात तेवढंच एकदा आलं, आणि त्याच पहाटे भुई हलली. त्यानंतर मी रचणं सोडलं. मी नवस, शकुन, अपशकुन काही मानत नाही, आमच्या घरात ते छप्पन सालीच संपलं. पण मन पुस्तकं वाचत नाही. आता पुन्हा रचते आहे. नवी गाणी रॉकच्या चालीवर आहेत, त्यांत गुडघे आहेत, पेन्शनची रांग आहे, क्लासच्या मुलांचा डबा आहे. सगळी खणखणीत म्हणते. शेवटच्या कडव्यात नाव आलं की मात्र आवाज बसतो. वीरण्णा म्हणाले, "बाई, रॉकमध्ये असं नाव घालतच नाहीत, सोडून द्या." मी म्हणाले, तिकडे घालत नसतील, लातुरात घालतात. बोलले खरं, पण सरावात त्या ठिकाणी मी दर वेळी बेंजोच वाजवते आणि खाजाभाई एक ठोका सोडतात.

उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे. विहारासमोरच्या मैदानात "शांतता राखा" पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार. गाण्याचा शेवट असा आहे :

पत्र्याखाली निजते मी, भुई हलली तर हलू दे
पंचशीला म्हणे, बाई, तुझं गाणं चालू दे

म्हणून हे मृत्युपत्र आज करते आहे. मरणाची घाई नाही. पण उद्या ते नाव माझ्या तोंडून निघालं नाही, तर माझ्या मागे ते कागदावर तरी पक्कं असावं. तरी लिहून ठेवते की "केरबा म्हणे" असलेली सगळी गाणी मी रचली आहेत. त्यांतलं केरबांचं नाव कुणीही बदलू नये. ते तिथे चांगलं दिसतं. गाण्यांचे हक्क धम्मानंद आणि महामाया दोघांना, आणि कुणाला गायची असतील त्याला फुकट.

कलम पाचवं : जुने हिशेब. नांदेडच्या एका कॅसेटवाल्याने आमची चार गाणी तिसऱ्याच माणसाच्या नावाने काढली. त्याला माफ केलं; आता कॅसेट वाजवायचं यंत्रच कुणाकडे नाही. केवळाबाईला माझी नवी इरकल साडी आणि बँडच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची, स्पीकरच्या अगदी समोर.

कलम सहावं : मी गेल्यावर त्रिसरण पंचशील घ्यावं, लांब भाषणं करू नयेत. रडायला हरकत नाही. केरबांसाठी मी रोज थोडं रडते, भाकरी करताना, आणि भाकरी बिघडत नाही. त्यानंतर मोठ्याने वाजवावं.

वाचून पाहिलं, समजलं, बरोबर आहे म्हणून सही करते.

(सही) पंचशीला केरबा भद्रे

साक्षीदार :
१. सिंधु वाघमोडे, वाचनालयातली जुनी सोबतीण. सही केली. पंचशीलाबाई शुद्धीवर आहेत, मला दोनदा चहात साखर कमी म्हणाल्या.
२. बसलिंगप्पा हत्ते, शेजारी. सही केली. आवाजाबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

ठिकाण : लातूर
दिनांक : १३ ऑक्टोबर २०१८

पुरवणी, दिनांक १५ ऑक्टोबर २०१८. साक्षीदार तेच. बसलिंगप्पांनी आपली तक्रार रविवारपुरती मागे घेतली आहे. धम्मानंद मैदानात शेवटच्या रांगेत उभा होता, त्याने खोलीबद्दल आज काही विचारलं नाही. वरच्या वाटपात कोणताही बदल नाही. फक्त चौथ्या कलमात एवढं वाढवावं : मृत्युपत्र केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केरबांचा बेंजो गळ्यात घालून मैदानात उभी राहिले, शेवटच्या कडव्याला खाजाभाईंनी एक ठोका सोडला, आणि मी माझं नाव घेतलं.