कुसुंब्याच्या पुढे

पिंपळनेर,
ता. १८ नोव्हेंबर

प्रिय स्वप्नील,

सप्रेम नमस्कार. तिकडे सीमेवर थंडी वाढली असेल, स्वेटर अंगावेगळा करू नका. आईंचा गुडघा आता बरा आहे. आम्ही दोघी सोमवारी त्यांच्या माहेरी, शालिग्राममामांकडे आलो. पिंप्राळ्याच्या घराची किल्ली शेजारच्या रूपाताईंकडे ठेवली आहे.

आलो ते तुमच्या मोटारसायकलवर. चालवली मी. एसटी सोडून गाडी का, तेही सांगते. पण आधी वाटेत काय झालं ते ऐका, नाहीतर मामा तिखटमीठ लावून सांगतील.

धुळं सोडलं, कुसुंबा मागे पडलं आणि मागचं टायर फुटलं. गाडी दोन्ही बाजूंना झोकांड्या खायला लागली. मागे ट्रक, त्याचा हॉर्न थांबेना. आईंनी माझी कंबर आवळून धरली.

"काय व्हयनं बेटा?"

"काही नाही आई. अशाच बसा, हलू नका."

पाय ब्रेककडे जात होता, तो मी आवरला. हँडल सरळ धरून ठेवलं आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. ट्रक अगदी खेटून पुढे गेला. गाडी आपसूक मंदावली तशी कडेला घेतली, पुढचा ब्रेक अलगद दाबला आणि मातीत उभी केली.

आई बाभळीखाली बसून पाणी प्यायल्या. मी विचारलं, "परत फिरायचं का? हे फोनवर म्हणाले तेच बरोबर असेल."

"आते घर जाईसन काय करशी? पुढे चाल. त्याले मी सांगसू."

एका टेम्पोवाल्याने गाडी नेरपर्यंत पोचवली. नवीन टायर टाकलं आणि निघालो.

आता आम्ही कुठे निघालो होतो ते. मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, "आरोग्यसेविकेची ती ऑर्डर फाडून टाक, आई एकटी पडेल," आणि फोन ठेवलात. मी ती फाडली नाही. मंगळवारी इथे हजर झाले. उपकेंद्राच्या पाड्यांवर एसटी जात नाही, गाडी लागणारच. आणि आई एकट्या पडलेल्या नाहीत. दोन खोल्या बघितल्या आहेत, माझ्यासोबत राहायचं त्यांनीच ठरवलं.

फोनवर तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलं असतं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या रागाची भीती वाटते, नाही असं नाही. तरी यातली एक ओळही मी खोडलेली नाही.

जानेवारीत सुट्टीवर याल तेव्हा थेट पिंप्राळ्याला जाऊ नका. धुळ्याच्या स्टँडवर उतरा, मी घ्यायला येईन. मागे मात्र तुम्हाला बसावं लागेल.

तुमचीच,
हेमांगी
आरोग्यसेविका