बाबांच्या नावाचा परवाना

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस, आधी वाच.

घरी सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं, मग खोडलं. ठीक नाही. वरची खोली मात्र छान आहे. सकाळचं ऊन थेट आईच्या पलंगापर्यंत येतं. ती बांधताना खिडकी पूर्वेलाच हवी म्हणून तू यांच्याशी केवढी हुज्जत घातली होतीस! "मेहुणे, झोपायचं आईला आहे, तुम्हाला नाही." हे किती हसले होते. तेव्हा दुपारी तुम्ही दोघं एकाच डब्यातलं खायचात.

मग छत गळलं आणि यांनी तुझ्या कामाचे उरलेले पैसे अडवले. दुरुस्तीचा खर्च कापून बाकीचे दिले असते, तर मी यांचंच बरोबर म्हटलं असतं. पण वकिलाने कान भरले, ठेकेदाराकडे परवाना नसेल तर छदामही द्यावा लागत नाही. आणि परवाना तर बाबांच्या नावाचा. ते गेले तेव्हाच तो संपला. स्वतःचा काढ, म्हणून मी तुझ्या किती मागे लागायचे. तू म्हणायचास, "पाटीवरचं त्यांचं नाव पुसून माझं लिहू? हात धजत नाही, चिमे."

तू पैशांसाठी दावा लावलास, तेव्हा कोर्टात मला विचारलं, काम सुरू झालं तेव्हा परवाना ज्यांच्या नावावर होता ते हयात होते का? मी "नाही" म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली. मी खरं तेच बोलले, याबद्दल आजही शंका नाही. पण खोली कशी बांधलीस, किती जीव ओतलास, हे कुणी विचारलं नाही. न विचारता सांगायला हवं होतं का? हेच उगाळत बसते आणि उत्तर रोज बदलतं.

दावा हरून बाहेर आल्यावर तू म्हणालास, "बाबा आज खरे गेले." हिशेब मिटेपर्यंत आमचा जिना न चढण्याची शपथ घेतलीस. मी साठवलेले पैसे पाठवले, तेही तू परत केलेस. हे अजून "कायदाच तसा आहे, मी काय करू" म्हणतात, पण वरच्या खोलीत फारसे जात नाहीत. हिशेब काही मिटणार नाही, दादा.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, तू लांबच्या कामावर आहेस. उशाकडची भिंत प्लास्टरवाचून राहिली आहे. यांनी दुसरा गवंडी आणला, तर तिने त्याला वाटेला लावलं: "माझा मुलगा पुरी करणार आहे, तुम्ही चहा घेऊन जा." आता तिच्यात तेवढंही बळ उरलेलं नाही. तिला खाली आणू का, असं मी डॉक्टरांना विचारलं. हलवू नका म्हणाले, आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी. काल तिने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "त्याला सांग, काम राहू दे. नुसता ये."

तुझीच,
चिमी