हवालदारासमोर शिंकलेलं प्रेत

ती. स्व. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (आडवं पडायची मला आता सवयच झाली आहे; सगळा घोळ त्यातूनच झाला.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आणि तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे आल्यापासून माझ्याबद्दल काही बोलते का? (बोलत असेल तर निवडक तेवढंच कळवा.)

तिने सांगितलंच असेल, पण रहस्यकथा लिहिणाऱ्याची बाजूही ऐका. माझ्या नव्या कादंबरीतला कारखानदार स्वयंपाकघरात मरतो. माणूस पडतो कसा, हे स्वतः पडून पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. त्या दिवशी शर्टाला टोमॅटोचा सॉस फासून ओट्यापाशी उताणा पडलो होतो आणि ही मला ओलांडून भांडी लावत होती. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि किंचाळल्या. ही म्हणाली, "असू द्या हो, यांचं रोजचंच आहे." काकू वाटी टाकून पळाल्या, त्या थेट हवालदारालाच घेऊन आल्या.

आता दादा, जन्मभर मी हवालदार लिहिले ते कल्पनेने. खराखुरा हवालदार प्रेत कसं तपासतो हे पाहायची संधी आपल्या पायांनी घरात आली, ती सोडू? मी श्वास रोखून पडून राहिलो. त्याने हिला विचारलं, "नवऱ्याशी भांडण होतं का?" ही म्हणाली, "आत्तापर्यंत नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "उठा आता, पुरे झालं." मी उठलो नाही. (इथे माझं चुकलं.) हवालदाराने माझ्या नाकाशी बोट धरलं. बोटाला तपकिरीचा वास होता. मी शिंकलो, आणि तो दचकून सॉसमध्येच बसला. "तुमच्या पुस्तकांतले हवालदार एवढे बावळट कसे, ते आज कळलं," असं म्हणून पँट झटकत गेला. हिने बॅग भरली.

तेव्हापासून आडवा पडलो की तसाच पडून राहतो. कोणी ओलांडत नाही, कोणी उठा म्हणत नाही. करमत नाही हो, दादा.

तुमच्या घरचा (सध्या नावापुरता) जावई

ता. क. : वाचून झालं की हे पत्र जेवणाच्या टेबलावर चुकून राहू द्या. दुसऱ्याचं पत्र दिसलं की तिला राहवत नाही. आणि माझी बायको असूनही ती सगळं शेवटाकडूनच वाचते, म्हणून मुद्द्याचं खाली लिहितो.

ता. क. २ : खुनी मीच. घरी ये गं. फरशी पुसून ठेवली आहे.