भपक्याचा वास

प्रिय धाकटे,

तुझा पाळणा, आईची ओट्याजवळची बुटकी मांडणी, एकही खिळा नसलेल्या सहा खुर्च्या आणि शाळा संपेपर्यंत तू ज्याच्यावर कोपरं टेकलीस ते अभ्यासाचं टेबल. हे सगळं या दोन हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. लाकूड नासवत शिकलो. हे पत्र वाचून तू कदाचित माझ्याशी बोलणं टाकशील, तरी लिहितो.

मंगळवारी तू काम करतेस त्या दुकानात आलो, तू बाहेरगावी होतीस. काचेत तेच टेबल उभं. तू हौसेने नेलं होतंस, म्हणून मी दिलं होतं. आता त्याच्या पायांना सोनेरी सिंहाचे पंजे, कडेने चमचमती पट्टी, वर आरसा. किळस आली. पट्टी नखाने उचकटली तर खाली लोखंडी चुका ठोकलेल्या, त्याही तिरक्या. विक्रेती म्हणाली, काका, हात नका लावू, रिच लूक आहे. मी म्हटलं, बाई, याला भपका म्हणतात.

त्यावरून तू फोनवर चिडलीस. बाबा, तुम्हाला न आवडलेलं सगळं भपकाच का? प्रश्न रास्त आहे. मी पंडित नव्हे, पण शब्दही सांध्यासारखा उकलून बघतो. कोंदलेल्या डब्याचं झाकण काढलं की वासाचा भपका येतो. जे नाकावर येतं, तेच डोळ्यांवर आलं की तोच शब्द. मला तर दोन्ही एकच वाटतात. आधी अंगावर येतो, मग विरतो, आणि आत काय नासलंय ते कळतं. थाट निराळा. आईने घासलेले चार डबे ओळीने लावले, तरी तो थाट होता.

टेबलाच्या खालच्या फळीवर तू कर्कटकाने कोरलेलं ‘बाबा शहाणे नाहीत’ मात्र तसंच आहे. तेवढं सोनेरी करायचं राहिलं.

निघताना तुझ्या मालकांनी आत बोलावलं. ते तुला आपल्या परीने सांगतील, त्याआधी माझ्याकडून ऐक. त्यांचं म्हणणं, त्यांच्या कारखान्यातल्या सोनेरी खुर्च्यांवर माझी खूण डागायची, मी माझ्या कामावर तापल्या सळईने उमटवतो ते छोट्या रंध्याचं चित्र. बदल्यात नवी शाखा तुझ्या हाताखाली, आणि मला अकरा लाख. मी नाही म्हणालो.

तुझाच,
शहाणा नसलेला बाबा