नोयेरच्या घाटातला लाल झेंडा

प्रिय आर्मेल,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा वृद्धाश्रमातली तुझी पाळी संपलेली असेल, आणि गास्पार घरी पोचून अंगातला रॅलीचा पोशाखही न काढता स्वयंपाकघरात बसलेला असेल. त्याला काही झालेलं नाही, हे आधी सांगते. हातपाय धड आहेत. मीही धड आहे. गाडीचा उजवा आरसा तेवढा तुटलाय. तू घरात पाऊल टाकण्याआधी हे वाचावंस म्हणून सें-बोनेच्या चौकातल्या बेकरीत बसून लिहितेय. लिहून झालं की तुमच्या वृद्धाश्रमाच्या दारावरच्या बाईंकडे देऊन जाईन. फोन केला असता, पण हल्ली माझ्या या भावाचा विषय निघाला की तू "नंतर बोलू गं" म्हणतेस. आज ते ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नाही.

रॅली आमची कधी नव्हे इतकी छान चालली होती गं. बड्या कंपन्यांच्या गाड्या पुढे निघून गेल्या की शेपटाला आमच्यासारखे हौशी सुटतात, तोवर रस्त्याची पार चाळण झालेली असते, बर्फाचा चिखल, चिखलाचा पुन्हा बर्फ. तरीही काल संध्याकाळी आम्ही आमच्या गटात तिसरे होतो. तिसरे! आपल्या खोऱ्यातली माणसं गुरांच्या घंटा घेऊन वळणावळणावर उभी होती. एका ठिकाणी कुणीतरी रस्त्याच्या कडेला कढई ठेवून बटाटा भरलेले तूर्तों तळत होतं, आणि गास्पार एवढ्या वेगातही माइकवर म्हणाला, "बारके, वास आला का? थांबूया का?" मी हसले आणि पुढचं वळण वाचायला क्षणभर उशीर झाला. मग तो ओरडला, "वाच की! मी काय इथे देखावा बघत बसलोय?"

आता ते वाक्य आठवलं आणि समोरचा पाव मी बाजूला सारला.

तुला माहीतच आहे, शर्यतीच्या आधी आम्ही ते रस्ते हळूहळू फिरून पाहतो. तो बोलतो, मी वहीत लिहून घेते. डावं, उजवं, वळण किती आवळत जातं, कुठे पूल, कुठे दगड. इतक्या वर्षांत त्याचं बोलणं मोजकं असायचं. या वेळी मात्र त्याला सगळंच हवं होतं. सावली कुठून सुरू होते, उजवीकडची बर्फाची भिंत रस्त्यापासून किती लांब, कठडा संपतो कुठे, खांब आहे की झाड आहे. मी म्हटलं, "अरे, ही वळणांची वही आहे की कादंबरी?" तर म्हणाला, "तुझा आवाज गोड आहे, ऐकत राहावंसं वाटतं." मी फुशारले, आर्मेल. मला वाटलं, अखेर या माणसाने माझ्यावर पुरता भरवसा टाकला. आणि खरंच, गाडी पूर्वीपेक्षा सफाईने जायला लागली. डोळे आणि कान यांत त्याची ओढाताण व्हायची, ती थांबली होती. मी म्हणेन तिथे तो वळत होता. त्याचं कारण माझ्या मनातही आलं नाही.

आज सकाळी नोयेरचा घाट होता. अलीकडून चढताना रस्ता कोरडा, उन्हात डांबर चकचकीत, माथ्याजवळच्या सावलीत काचेसारखा बर्फ आणि पलीकडे उतरताना नुसता पांढरा गालिचा. आमच्या मदतीला असलेला मार्सो तासाभरापूर्वी तो रस्ता बघून आला होता आणि त्याने बर्फाच्या जागा मला सांगितल्या होत्या. टायर कोणते लावायचे यावरून दोघांची रोजच्यासारखी जुंपली. मार्सो म्हणाला, "खिळ्यांचे लाव, नाहीतर थेट खाली तुझ्या मावशीच्या कोंबड्यांत जाऊन पडशील." गास्पारने दोन तसे, दोन साधे असे लावले. चढ आम्ही झकास काढला. माथा ओलांडला. उतारावरच्या लांब डाव्या वळणाआधी मला उजव्या कडेला बर्फाच्या ढिगापुढे उभी असलेली जोझेट दिसली. आपली शाळेतली स्वयंपाकीण जोझेट, केशरी जाकीट घालून, हातात लाल झेंडा. दोन्ही हातांनी हलवत होती. पुढे कुणाची तरी गाडी आडवी पडली होती. लाल झेंडा दिसला की वेग कमी करायचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गास्पारने वेग कमी केला नाही.

मी ओरडले, "झेंडा! गास्पार, झेंडा!" त्याने मान माझ्याकडे फिरवली. पुरती फिरवली, जणू कुणी मागून हाक मारली होती. तोवर आरसा झेंड्याच्या काठीवर आदळला होता आणि जोझेट ढिगावर उताणी पडली होती. ब्रेक लागले, गाडी तिरपी होऊन भिंतीला घासत थांबली. मी दार ढकलून पळत मागे गेले. जोझेट बर्फातून उठत होती, टोपी उडालेली, रागाने लालबुंद. "तुझा भाऊ आंधळा झालाय का?" असं म्हणाली. दुसरं कुणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. मी तिचे कपडे झटकले, तिचे हात दाबून पाहिले, माफी मागितली. तिला खरचटलंही नव्हतं. ती रस्त्याकडे हातभर जरी पुढे असती, तर आज मी तुला पत्र लिहायला इथे बसले नसते, पोलिसांसमोर बसले असते.

पुढचा रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही हळूच टप्पा संपवला. खाली नदीकाठच्या मोकळ्या जागेत त्याने इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं नाही. मी म्हटलं, "सूर्य डोळ्यांवर आला होता का?" मी स्वतःच त्याला निमित्त पुरवत होते. तो समोर बघतच म्हणाला, "बारके, तिकडे काही नाहीच. उजवीकडे काहीच नाही. डावीकडेही थोडंच उरलंय. मधली पट्टी दिसते, पत्र्याच्या नळीतून पाहावं तशी." ग्रनोबलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शरद ऋतूतच सांगितलं होतं म्हणे. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने उरलेली फार तर टिकेल, आणि गाडी आजपासून बंद. तो त्याच संध्याकाळी स्वतः गाडी चालवत घरी आला.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो रडत होता. आई गेली तेव्हासुद्धा त्याला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. माझा हातमोजा धरून म्हणत होता, "फक्त उद्यापर्यंत. उद्या शेवटचा दिवस. एकदा मोनाकोच्या बंदरावर गाडी नेऊन उभी करू दे, मग किल्ल्या तुझ्या हातात देतो. तू वाच, मी वळवतो. तुझे डोळे आहेत ना?" आणि खरं सांगू? क्षणभर मी वहीचं पान उलटलं. तिसरे आहोत, दुपारचे टप्पे सोपे आहेत, मी आणखी मोठ्याने वाचेन. इतका जीव आहे माझा त्याच्यावर. मग जोझेटची टोपी डोळ्यांसमोर आली, रस्त्याच्या मधोमध पडलेली.

पुढच्या टप्प्याच्या चौकीपाशी आमची वेळ आली तेव्हा मी गाडीतून उतरले आणि परत बसले नाही. दुसरं काहीच केलं नाही मी. शेजारची जागा रिकामी असेल तर गाडी सुटत नाही, हा नियमच आहे. तो आतून पट्टा बांधून समोर बघत होता. चौकीवरचा माणूस विचारत होता, "मॅडम, बसताय ना?" मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी सांगितलं, माझी तब्येत बरी नाही, आम्ही माघार घेतोय. मार्सोने गाडी बाजूला घेतली. मार्सोला अजून काही कळलेलं नाही; तो मला केमिस्टकडे नेतो म्हणत होता, त्याला मी गास्पारला घरी सोडायला सांगितलं.

जाताना गास्पार माझ्याजवळ आला. डोळे कोरडे, आवाज थंडगार. म्हणाला, "रॅली थांबवलीस. आता सोमवारी बस थांबवून दाखव."

आर्मेल, तोपर्यंत बस माझ्या डोक्यातच आली नव्हती. शाळेची बस! वरच्या वाड्यांतून मुलं गोळा करून तो रोज तोच बर्फ, तीच दरी कडेला घेऊन खाली येतो. शरदापासून आजवर येतोय. आणि मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आठवतंय, नोव्हेंबरात तू म्हणालीस, माझी गाडी बिघडलीय, म्हणून मी गास्पारच्या बसने कामावर जाते? गेल्या रविवारी त्याच 'बिघडलेल्या' गाडीतून तू लाकडं आणलीस, मी उतरवायला मदत केली. नाताळात त्याचा पेला उजवीकडून उचलून तू डावीकडे ठेवलास, बोलता बोलता, माशी हाकलावी तसा. आणि बसमध्ये तू कुठे बसतेस, तेही मला आठवलं. पुढे, उजवीकडे, दाराशेजारी. मुलं तुझी कशी चेष्टा करतात ते तूच हसत सांगितलं होतंस, "आर्मेल मावशी सारखी बडबड करते, बघ गास्पार, मादाम एरोंची कुत्री, बघ, पुलावर बर्फ आहे, बघ, छोटा निकोला पळत येतोय."

तू वाचत होतीस. माझ्यासारखीच. फक्त तुझ्याकडे वही नव्हती आणि मागे मुलं होती. किती महिने एकटीने हे ओझं वाहिलंस तू? रोज मुलं शाळेच्या दारात उतरताना एकेक डोकं मोजून मगच तू कामावर चादरींच्या घड्या घालायला जात असशील. तुझ्यावर रागवायला मी कोण? आज सकाळपर्यंत मीही तेच करत होते, आणि वर मिरवत होते.

हे सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी. सोमवारी तू त्या बाकावर बसू नकोस. आपण दोघी त्याचे डोळे झालो म्हणून तो अजून चालवतोय. आपण होतो म्हणून त्याला स्वतःशी खोटं बोलता आलं. मी उतरले, आता तू उतर. उद्या दुपारी मी बसमालक गार्सेंच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे, काही झालं तरी सांगणार आहे, मग गास्पारने जन्मभर माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. पण मी तिथे पोचेन तेव्हा तुम्ही दोघं आधीच त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेले असावं, आणि माझ्या भावाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असावं, एवढीच माझी धडपड आहे. तो माझं ऐकणार नाही. त्याच्या उजवीकडे आता फक्त तू उरली आहेस. आज घरी गेलीस की त्याला समजावू नकोस, भांडू नकोस, नुसती त्याच्या समोर बस, जिथे त्याला दिसशील तिथे, आणि म्हण की मी दमले. तू दमली आहेस, आर्मेल. हे एकदा तरी त्याला कळू दे.

तुझीच,
ओदिल