पायातली बुरशी आणि नवी दवा

मुंबई, मे १९५९

चि. उद्धवास, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

वलगावात सारे बरे असाल. मी दवाखान्यात मजेत आहो. खाट खिडकीशी आहे. वरण पातळ, पण भात पोटभर देतात. बहारासाठी पाणी तोडून संत्रा ताणावर सोडला का?

तुझी वहिनी समोर बसली असल तर पुढचं मनातच वाच.

काट्याच्या जखमेतून शिरलेली बुरशी हाडापर्यंत गेली म्हणतात. मोठे डॉक्टर पाय कापाच म्हणून राहिले. पण एका तरुण डॉक्टरनं कोण्या धातूच्या क्षाराची नवी दवा बनवली. आपण झाडाले मोरचूद मारतो, त्याचीच चुलत बहीण समज. काचेच्या नळीत बुरशी मेली, ससेही जगले. माणसाले मात्र अजून दिली नाही.

मी म्हटलं, "नवी फवारणी आमी आधी बांधावरच्या एका झाडावर करून पाहतो. ते झाड मी का?"

"हो काका," तो म्हणाला. "मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. नाही म्हणालात तरी चालेल."

खरं बोलला म्हणून मी हो म्हटलं. सोमवारी पहिली सुई आहे. हो म्हटल्यापासून बसवत नाही, निजवत नाही. वॉर्डात लंगडत येरझारा घालतो. नर्सबाई म्हणते, "कापायच्या आधीच झिजवता का पाय?"

आता मोठ्यानं वाच.

वहिनीले सांग, औषध लागू पडून राहिलं. मिरच्या वाळवताना डोक्यावर पदर घेत जा म्हणा. आणि भगवंतकडून माझ्यासाठी नव्या वहाणा शिवून घेऊन ठेवा. माप जुनंच. पुरा जोड कर म्हणा त्याले.

तुमच्यात जीव अडकलेला,
तुझा दादा चिंतामण