यादीत नसलेला चहा

मी, खाली सही करणारी, विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली स्मृतीची संशोधक, वय बहात्तर, अविवाहित, स्वभावाने जरा तिखट, आज राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ती करू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती कधीच गेली. माझे नाव सहीत आहे. सही आजवर बँकेलाही वाचता आलेली नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

"पूर्ण शुद्धीत" हे शब्द लोक सरसकट लिहून मोकळे होतात. मला मात्र ते सिद्ध करून दाखवावे लागले. त्याचे कारण माझा भाचा. थोरल्या भावाचा हा एकुलता एक मुलगा हुशार आहे, पण घाई फार. गेल्या वर्षी मी त्याला दोनदा त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. दोघांचे नाक एकच, त्याला मी काय करू? तेवढ्यावरून त्याने सगळ्या नातेवाइकांत बोभाटा केला की साठी बुद्धी नाठी, आत्याचे डोके आता ठिकाणावर नाही, तिने काही लिहून दिले तरी ते कोर्टात टिकणार नाही. मृत्युपत्र टिकले नाही तर घराचे वाटे पडतील, घर विकले जाईल आणि माझ्या धाकट्या बहिणीची रवानगी कुठल्यातरी "सोयीच्या ठिकाणी" होईल. त्या ठिकाणाचे रंगीत माहितीपत्रकही त्याने आणून दाखवले. धाकटीने ते नीट पाहिले आणि एवढेच विचारले, "इथं माझं मशीन ठेवू देतील का रे?"

कलम पहिले, म्हणजे मुद्द्याचे. मी राहते ते घर, खालच्या दोन खोल्या, वरची खोली आणि जिन्याखालची अडगळ यांसह, माझ्या पश्चात पूर्णपणे धाकट्या बहिणीचे. रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिचे शिवणयंत्र आहे. ते तिथून कोणी इंचभरही हलवू नये.

हे घर तिला मी उपकार म्हणून देत नाही. तिने ते कमावले आहे. आमच्या धंद्यात नवा प्रयोग खऱ्या सहभागींवर करण्याआधी कोणावर तरी करून पाहावा लागतो: सूचना कळतात का, वेळ पुरतो का. माझ्या प्रत्येक प्रयोगाचा तो पहिला बकरा म्हणजे धाकटी. रात्रीच्या जेवणानंतर मी म्हणायची, "बस गं जरा," आणि ती हातातले शिवण खाली ठेवून बसायची. तिने अर्थहीन अक्षरे पाठ केली, उलटे आकडे म्हटले, कधीच न घडलेल्या गोष्टी शपथेवर आठवून सांगितल्या. मी तिला एकच नियम शिकवला होता: यादीत काय आहे ते ज्याची परीक्षा व्हायची आहे त्याला सांगायचे नाही, सांगितले की सगळे वाया. हा नियम तिला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी असे मला वाटे, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या वाढदिवसाची भेट ती मला आदल्या दिवशीच सांगून टाकते.

कलम दुसरे. शेजारच्या प्रयोगशाळेतले प्राध्यापक, ज्यांना अख्खा विभाग डोळेवाले म्हणतो कारण माणूस कधी कुठे बघतो हेच ते जन्मभर मोजत आले, त्यांना माझे स्टॉपवॉच मी आजच हातात देऊन टाकले आहे, कारण त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे आहे. माझा टेबलफॅन त्यांच्याकडेच आहे, तो आता राहू द्या. आमचे भांडण जुने. माझे म्हणणे असे की एकाच विषयाचे शब्द ऐकवले तर धडधाकट मन त्यांची मोट बांधते आणि मधला न ऐकलेला शब्दही ऐकला म्हणून सांगते. ते मनाचे काम आहे, मनाचा आजार नव्हे. डोळेवाले प्रत्येक चर्चासत्रात उभे राहून म्हणायचे, "बाई, हा निव्वळ गलथानपणा आहे." त्यावर मी त्यांच्या आलेखांबद्दल काय म्हणायची ते मृत्युपत्रात शोभणार नाही.

आता परीक्षेची हकीकत, कारण पुढे कोणी शंका काढली तर ती इथे लिहिलेली असावी. दाखला द्यायला डॉक्टर घरी आले. तारीख विचारली, घड्याळाचे चित्र काढायला लावले आणि मग बॅगेतून शब्दांची यादी काढली. यादी माझीच, मी तरुणपणी केलेली, अजून दवाखान्यांत चालते. ती मला झोपेतही म्हणता येते. "ही चालायची नाही," मी म्हटले. "उद्या भाचा म्हणेल, आत्याने स्वतःचाच पेपर सोडवला." नवी यादी हवी होती, आणि ती अशा माणसाने करायला हवी होती की जो माझी भीड धरणार नाही. डोळेवाल्यांचे नाव भाच्यानेच सुचवले. आमचे विळ्याभोपळ्याचे सख्य त्याला ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात सगळे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमले. डॉक्टर, डोळेवाले, भाचा आणि आवाज नोंदवायला आमच्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही तारवाले म्हणतो. माझा मूड बरा नव्हता. आठवडाभर घरात चहा नव्हता. धाकटी म्हणत होती, "संपला गं, आणायचा राहिलाच," आणि रोज कॉफी पुढे करत होती. मी तिला बरेच बोलले.

डोळेवाल्यांनी सावकाश वाचले: कप, बशी, साखर, दूध, गाळणे, किटली, वाफ, उकळी, घोट, आणि असेच आणखी. मी एक सोडून सगळे शब्द सांगितले. वर ठासून म्हटले, "आणि चहा."

ओट्यापाशी धाकटीच्या हातून झाकण पडले. डॉक्टरांचे पेन थांबले. भाचा हळूच म्हणाला, "चहा नव्हता, आत्या." खरेच नव्हता. मी अर्धे आयुष्य ज्या खड्ड्यावर पाटी लावून उभी होते त्यातच पडले होते, आणि क्षणभर मला फार भीती वाटली. स्वतःची नव्हे, त्या खिडकीपाशच्या मशीनची.

मग डोळेवाले उभे राहिले. "डॉक्टर, लिहून घ्या. यांची आठवण तल्लख आहे, आणि चूक झाली तीही निरोगी मनाची. स्मृती खरोखर खचली असती तर इतके शब्दही आले नसते आणि चहाही सहसा आला नसता. हे बाई कधीपासून सांगताहेत. मी हटून बसलो होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या आठवड्यात यादी आधी तुमच्या बहिणीवर करून पाहिली. त्याही चहा म्हणाल्या."

मी वळून पाहिले. म्हणजे सात दिवस, एकाच घरात, एकाच टेबलाशी, तिला यादी ठाऊक होती. ती स्वतः चहाला फसली होती, आणि तिच्या समजुतीप्रमाणे फसणे म्हणजे नापास होणे. मी नापास झाले तर तिचे छप्पर जाणार होते. नुसते "चहा म्हणू नकोस गं" एवढे पुरले असते.

"का नाही बोललीस?" मी विचारले.

"तूच सांगायचीस ना, सांगितलं की सगळं वाया जातं," ती म्हणाली. "आणि चहाचा डबा वरच्या फळीवर आहे. समोर रोज चहा दिसला असता तर लोक म्हणाले असते, बघून बोलली."

मी पुष्कळांना प्रयोग कसा करावा हे शिकवले. इतका स्वच्छ प्रयोग कोणी केला नाही. मला रडू आले, आणि ते तारवाल्यांच्या यंत्रावर नोंदले गेले आहे, त्यामुळे नाकारत नाही.

कलम तिसरे. माझी बचत धाकटीला. माझी पुस्तके विभागाला, समासातल्या टोमण्यांसह.

कलम चौथे. भाच्याला मेंदूची प्लॅस्टिकची प्रतिकृती. तिचे भाग सुटे होतात. डोके ठिकाणावर बसवायला किती खटपट लागते ते त्याने एकदा स्वतः करून पाहावे. त्याच्यावर माझा राग नाही. परीक्षेनंतर त्याने ते माहितीपत्रक फाडून टाकले, आणि हल्ली दर रविवारी येतो तो धाकट्या आत्याला शिवणाचे कापड आणून द्यायला.

कलम पाचवे. प्रयोगशाळेच्या दारावरची "प्रयोग चालू आहे, दार वाजवू नये" ही पाटी मी निवृत्त होताना उचलून आणली होती. ती धाकटीच्या खोलीला लावावी. तिला दुपारी झोप लागते.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करायचा उत्साह नाही.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. तारीख: आजचीच, मी डॉक्टरांना न अडखळता सांगितली ती.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: डोळेवाले. टेबलफॅन परत आणला आहे.
साक्षीदार दुसरे: तारवाले.
वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे.

घर जिला मिळणार तिला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून ती सही करत नाही. ती आत सगळ्यांसाठी चहा टाकते आहे.